लांब जोडट्रक आणि मालवाहतुकीचे महामार्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका ट्रकमागे दोन-दोन, तीन-तीन ट्रेलर जोडून माल न्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास गाडीबद्दल येतो: किती लांब, किती वजन, ब्रेक लागतील का? मालवाहतुकीच्या रस्त्यांच्या आखणीत बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की गाडीचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. अवघड असतो तो रस्त्याचा, आणि त्यातही महामार्ग सोडल्यानंतरच्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचा. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये गाडीपेक्षा रस्त्याला जास्त जागा दिली आहे.

लांब जोडट्रक म्हणजे नेमका कोणता?

नेहमीचा मोठा ट्रेलर म्हणजे पुढे ओढणारं इंजिन-केबिनचं वाहन, म्हणजे ट्रॅक्टर, आणि मागे एक सेमीट्रेलर, ज्याचं पुढचं टोक ट्रॅक्टरवर टेकतं. त्यामागे आणखी एक किंवा दोन ट्रेलर जोडले की तो जोडट्रक होतो. अमेरिकेच्या कायद्यात लांब जोडट्रकची व्याख्या नेमकी आहे: दोन किंवा अधिक ट्रेलर, एकूण वजन ८०,००० पाउंडांपेक्षा (सुमारे ३६ टन) जास्त, आणि गाडी आंतरराज्य महामार्गावर धावणारी. तिथे याचे तीन मुख्य प्रकार आहेत. ‘टर्नपाइक डबल’मध्ये दोन्ही ट्रेलर पूर्ण लांबीचे, म्हणजे प्रत्येकी ४८ ते ५३ फूट असतात. ‘रॉकी माउंटन डबल’मध्ये पुढचा लांब आणि मागचा आखूड असतो. ‘ट्रिपल’मध्ये साधारण २८ फुटांचे तीन ट्रेलर एकामागे एक असतात.

ऑस्ट्रेलियात २६ मीटरपर्यंतचा ‘बी-डबल’ आणि ३६.५ ते ५३.५ मीटरच्या ‘रोड ट्रेन’ चालतात. युरोपीय संघात ट्रक आणि ट्रेलर मिळून नेहमीची मर्यादा १८.७५ मीटर आहे, पण काही देशांनी २५.२५ मीटरला परवानगी दिली आहे. फिनलंड तर २०१३ साली ७६ टनांवर आणि २०१९ साली ३४.५ मीटरवर गेला.

एवढी लांब गाडी कशासाठी? दोन वेगळे ट्रक पाठवले तर काय बिघडतं?

बिघडत काहीच नाही, खर्च वाढतो. दोन ट्रकना दोन इंजिनं लागतात, दोन चालक लागतात, आणि हवा कापायचं कामही दोनदा करावं लागतं. जोडट्रकमध्ये मागचा ट्रेलर पुढच्याच्या आडोशाने चालतो, त्यामुळे दर टनामागे डिझेल कमी जळतं. युरोपातल्या २५.२५ मीटरच्या गाडीचा हिशोब सोपा आहे: तीन नेहमीच्या फेऱ्यांचा माल दोन फेऱ्यांत जातो.

कुठलाही माल यातून नेता येतो का?

नेता येतो, पण फायदा सगळ्यांना सारखा होत नाही. पार्सलं, फोम, रिकामे डबे असा हलका पण जागा खाणारा माल वजनाची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी ट्रेलर भरून टाकतो. त्याला लांबी हवी असते, वजनाची सवलत नको असते. जर्मनीने नेमकं हेच ओळखलं. २०१२ ते २०१६ चाचणी घेऊन २०१७ पासून तिथे लांब ट्रक नियमित झाले, पण वजनाची मर्यादा जुनीच ठेवली: ४० टन, रेल्वे किंवा जलमार्गाला जोडून होणाऱ्या वाहतुकीसाठी ४४. खनिज, लाकूड, इंधन यांचं गणित उलटं. तिथे ट्रेलर अर्धा रिकामा दिसतो आणि वजनकाटा मात्र भरलेला असतो.

ट्रेलर एकमेकांना जोडतात कसे? त्याने काही फरक पडतो का?

फार मोठा फरक पडतो, आणि लोक या प्रश्नाकडे फारसं लक्ष देत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

जोडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात दोन ट्रेलरच्या मध्ये एक लहानशी चाकांची डॉली असते. डॉली पुढच्या ट्रेलरच्या मागच्या हुकात अडकते आणि मागचा ट्रेलर डॉलीवर बसतो. याला ए-जोडणी म्हणतात. दुसऱ्या प्रकारात पुढच्या ट्रेलरचा सांगाडाच मागे वाढवून त्यावर बैठक बसवलेली असते आणि मागचा ट्रेलर थेट तिच्यावर टेकतो. ही बी-जोडणी. ए-जोडणीत गाडीला तीन ठिकाणी सांधे येतात, बी-जोडणीत दोनच.

सांधे वाढले की गाडी चाबकासारखी वागते. चालकाने वेगात असताना अचानक लेन बदलली, तर ट्रॅक्टरला बसलेला हिसका मागे जाताना वाढत जातो. एकच सेमीट्रेलर असेल तर हिसका जवळपास तेवढाच राहतो. आखूड ट्रेलरांच्या ए-जोडणीच्या डबलमध्ये मागच्या ट्रेलरपर्यंत तो सुमारे दुप्पट होतो, आणि ट्रिपलमध्ये त्याहूनही जास्त. पुढे बसलेल्या चालकाला काहीच जाणवत नाही आणि मागे शेवटचा ट्रेलर एका बाजूच्या चाकांवर उचलला जातो. बी-जोडणीत हे बरंच आटोक्यात येतं. कॅनडात १९८०च्या दशकात वजन-मापांचा मोठा अभ्यास झाला आणि १९८८ साली प्रांतांनी आपसात करार केला. त्यानंतर तिथे आठ ॲक्सलच्या (म्हणजे चाकांच्या आठ आसांच्या) बी-जोडगाडीला सर्वांत जास्त वजन मिळालं, त्यामागे हेच कारण होतं. स्थिर गाडीला जास्त माल, अस्थिर गाडीला कमी: धोरण असं असावं.

ट्रेलरांचा क्रमही यातच येतो. जड ट्रेलर पुढे, हलका मागे. हा नियम चालकांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात.

जोडणी प्रत्यक्षात कशी होते?

यार्डात एकदा उभं राहून बघण्यासारखी गोष्ट आहे. चालक आधी मागचा ट्रेलर सरळ रेषेत उभा करून त्याचा हँडब्रेक लावतो. डॉली त्याच्या पुढ्यात आणतो. मग पुढचा ट्रेलर घेऊन हळूहळू रिव्हर्स येतो, डॉलीचा डोळा हुकात अडकवतो, आणि डॉली मागच्या ट्रेलरखाली ढकलतो. ट्रेलरखालचा खुंटा, म्हणजे किंगपिन, डॉलीच्या जबड्यात बसल्याचा आवाज होतो, पण आवाजावर विसंबायचं नसतं. टॉर्च घेऊन खाली वाकून जबडा मिटला आहे हे डोळ्यांनी बघायचं. मग सुरक्षा साखळ्या, हवेचे दोन पाइप, विजेची केबल. पुढच्या ट्रेलरच्या मागचे हवेचे कॉक उघडायचे, शेवटच्या ट्रेलरचे बंद ठेवायचे. सगळ्यात शेवटी गाडीच्या पार टोकाला चालत जाऊन तिथला एक कॉक क्षणभर उघडायचा आणि ‘फुस्स’ ऐकायचं. तिथपर्यंत हवा पोहोचली आहे याचा पुरावा तोच. हवा पोहोचली नसेल तर शेवटच्या ट्रेलरचे ब्रेक चालकाच्या पायाला जुमानणार नाहीत.

ही सगळी कामं करायला सपाट, पक्की, उजेडाची जागा लागते. ती पुढे कॉरिडॉरच्या, म्हणजे माल नेण्याच्या सलग मार्गाच्या, प्रश्नात परत येईल.

वळणावर एवढी गाडी मावते कशी?

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूला सरकतात. किती सरकतात याचा ढोबळ अंदाज कागदावर काढता येतो: प्रत्येक तुकड्याच्या चाकांमधल्या अंतराचा वर्ग घ्यायचा, सगळे वर्ग मिळवायचे, आणि बेरजेला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागायचं.

वर्गांची बेरीज, लांबीची नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवा. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर १२ मीटर अंतराचा एक ट्रेलर सुमारे २.४ मीटर आत सरकतो. असे दोन लांब ट्रेलर असले तर ४.८ मीटर, म्हणजे एका लेनहून जास्त. पण साडेसहा मीटरचे तीन आखूड ट्रेलर मिळून २.१ मीटरच सरकतात. तीन ट्रेलरांची गाडी दिसायला भयंकर, तरी चौकात ती एका लांब ट्रेलरपेक्षाही नेटकी वळते. हायवेवर वेगात मात्र तीच सर्वांत जास्त डोलते. चौकाला जी गाडी सोपी ती वेगाला अवघड, आणि वेगाला सोपी ती चौकाला अवघड. एकाच मापाने सगळ्या जोडट्रकना परवानगी देणाऱ्या नियमांवर माझा आक्षेप आहे तो यामुळेच.

ऑस्ट्रेलियाने यावर चांगली वाट काढली. २००७ पासून तिथे गाडीची लांबी-वजन एवढंच न मोजता तिचं वागणं मोजून परवानगी देणारी पद्धत देशभर आहे. वळताना गाडी किती रुंद पट्टा व्यापते ते पाहून रस्त्याचे चार स्तर केले: पहिल्या स्तरावर ७.४ मीटरपर्यंत, दुसऱ्यावर ८.७, तिसऱ्यावर १०.६, चौथ्यावर १३.७. गाडी कलंडण्याची मर्यादाही ठरलेली आहे: गुरुत्वाच्या ०.३५ पट आडवा जोर लागेपर्यंत तिने उलटता कामा नये, आणि धोकादायक माल नेणाऱ्या टँकरसाठी हा आकडा ०.४० आहे. गाडी ज्या स्तरात बसते त्याच स्तराच्या रस्त्यांवर ती जाते.

जास्त वजनाने रस्त्याची वाट लागत नाही का?

रस्ता गाडीचं एकूण वजन ओळखत नाही, एकेका ॲक्सलचं ओळखतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या वळसेदार रस्त्यांवर ट्रक रात्रंदिवस फिरवून नुकसान मोजलं गेलं. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात: नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. भार दुप्पट झाला तर नुकसान सोळापट. २० टक्के जादा भरलं तर नुकसान दुपटीच्या वर. रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडणारी गाडी बहुतेक वेळा लांब नसते. आखूड, कमी ॲक्सलची आणि अतिभारित असते.

ॲक्सल वाढवले तर जड गाडीही रस्त्याला हलकी जाते. न्यूझीलंडने २०१३ पासून नऊ ॲक्सलच्या ५० टनी गाड्यांना परवाने दिले ते याच आधारावर: भार जास्त चाकांवर पसरतो, त्यामुळे दर टन मालामागे रस्त्याची झीज ४४ टनी गाडीपेक्षा वाढत नाही.

आणि पुलांचं?

इथे मात्र सावध राहावं. ॲक्सल वाढवून रस्ता वाचतो, पूल वाचेलच असं नाही.

लहान गाळ्याच्या (दोन खांबांमध्ये कमी अंतर असलेल्या) पुलावर लांब गाडी उलट बरी. २० मीटरच्या गाळ्यावर ती पूर्ण मावतच नाही, तिचा काही भाग पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. तेच वजन आखूड गाडीत कोंबलं तर सगळं एकाच वेळी गाळ्याच्या मधोमध येतं. अमेरिकेचं १९७०च्या दशकातलं पूल-सूत्र यावरच उभं आहे: ॲक्सल किती आणि पहिल्या-शेवटच्या ॲक्सलमध्ये अंतर किती, त्यावरून परवानगीचं वजन. पाच ॲक्सल ५१ फुटांत पसरले तर ८०,००० पाउंड मिळतात. नऊ ॲक्सल १०० फुटांत पसरले तर हेच सूत्र सुमारे १,२८,००० पाउंड, म्हणजे ५८ टन देतं. (सूत्राने बसलं तरी आंतरराज्य महामार्गावर ८०,०००ची वेगळी कमाल मर्यादा आहेच. जुन्या हक्काने सूट मिळालेल्या राज्यांनाच त्यावर जाता येतं.)

गाळा ६० मीटरचा झाला की हा दिलासा संपतो, सगळे ५८ टन एकदम पुलावर येतात. दुसरी अडचण सलग पुलांची. अशा पुलात खांबाच्या दोन्ही बाजूंचे गाळे एकसंध असतात. जोडट्रकचा पुढचा ट्रेलर एका गाळ्यावर आणि मागचा शेजारच्या गाळ्यावर असला की दोन्ही मिळून खांबाच्या डोक्यावर तुळईला वरच्या अंगाने ताण देतात. एकच ट्रेलर असताना तो कधीच एवढा नसतो. म्हणून कॉरिडॉर आखताना पुलांची यादी करून भागत नाही, प्रत्येक पुलाचं गणित त्याच गाडीसाठी नव्याने करावं लागतं. स्वीडनने २०१८ साली ७४ टनांना परवानगी दिली तीसुद्धा निवडक रस्त्यांच्या जाळ्यावरच. ते जाळं कुठवर पसरणार हे पुलांच्या मजबुतीवर ठरतं.

उंचीही विसरू नये. २०१३ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन राज्यात आय-५ महामार्गावर स्कॅगिट नदीच्या पुलाच्या वरच्या सांगाड्याला एका ट्रकवरचा उंच बोजा धडकला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. तो जोडट्रक नव्हता, वजनाचाही प्रश्न नव्हता.

ओव्हरटेक करणाऱ्यांचं काय?

दुपदरी रस्त्यावर हा खरा धोका आहे. ट्रक ताशी ८० किलोमीटरने चालला आहे आणि मागची कार १००ने त्याला ओलांडते आहे असं धरा. ट्रक १८ मीटरने जास्त लांब असेल तर ओलांडायला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. ऐकायला काहीच नाही. पण तेवढ्यात कार आणखी ९० मीटर पुढे गेलेली असते, आणि समोरून १००ने येणारी गाडीही ९० मीटर जवळ आलेली असते. म्हणजे १८० मीटर जास्त मोकळा रस्ता दिसायला हवा. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर हा प्रश्नच उरत नाही, म्हणून पूर्ण लांबीच्या डबलना बहुतेक ठिकाणी अशाच रस्त्यांवर ठेवतात. वस्ती फार विरळ असलेल्या भागातले ऑस्ट्रेलियाचे रस्ते हा अपवाद.

लांब जोडट्रकचे अपघात जास्त होतात का?

आकडे कमी दिसतात, पण ते जपून वाचावेत. या गाड्या सर्वांत चांगल्या रस्त्यांवर, सर्वांत अनुभवी चालकांच्या हाती, हवामान बघून चालवल्या जातात. अपघात कमी होतात ते गाडीमुळे की या अटींमुळे, हे वेगळं काढणं अवघड आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१६ साली संसदेला अहवाल दिला तेव्हा उपलब्ध माहिती अपुरी असल्याचं सांगून वजन-लांबीच्या मर्यादा बदलू नयेत असं सुचवलं. माझा निष्कर्ष एवढाच की आकडे अटींसकट आले आहेत. अटी सैल करून तेच आकडे मिळतील अशी आशा धरणं बेजबाबदारपणाचं आहे.

अमेरिकेत या गाड्या सगळीकडे का दिसत नाहीत?

१९९१च्या भूपृष्ठ वाहतूक कायद्याने त्या वर्षीच्या १ जूनला जिथे जे चालू होतं तेवढंच चालू ठेवलं. त्यानंतर कुठल्याही राज्याला लांब जोडट्रकचे मार्ग किंवा मापं वाढवता आलेली नाहीत. म्हणून पश्चिमेकडची काही राज्यं आणि कान्सस, ओहायो, इंडियाना, न्यूयॉर्क अशा ठिकाणचे काही टोल-महामार्ग यांवर त्या प्रामुख्याने आहेत. एका राज्यात चालणारी गाडी सीमेवर तोडावी लागते. नकाशावर पाहिलं तर मार्ग तुटक-तुटक दिसतात.

मालवाहतुकीचा कॉरिडॉर म्हणजे रुंद रस्ताच ना?

नाही. कॉरिडॉर म्हणजे माल जिथून निघतो आणि जिथे पोहोचतो त्यांच्यामधली अखंड साखळी: बंदर किंवा कारखाना, जोडरस्ता, इंटरचेंज (महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागा), महामार्ग, वजनकाटे, ट्रक थांबे, परत इंटरचेंज, परत जोडरस्ता, गोदाम. अमेरिकेत २०१५च्या कायद्याने राष्ट्रीय मालवाहतूक महामार्गांचं जाळं ठरवलं आणि त्यातल्या मुख्य जाळ्याची लांबी सुरुवातीला ४१,५१८ मैल होती. त्यात बंदरं, रेल्वे टर्मिनल आणि विमानतळांना जोडणारे छोटे तुकडेही मुद्दाम धरले होते. तेच महत्त्वाचे.

मग आखणी कुठून सुरू करायची?

टोकांकडून. बहुतेक नकाशे मधल्या जाड रेषेपासून सुरू होतात आणि तिथेच चुकतात.

एका प्रकल्पात मी एका गोदामाबाहेरच्या वर्तुळाकार चौकाच्या कडेला दिवसभर उभा होतो. महामार्गाचं काम सुरेख झालं होतं. इंटरचेंजपासून गोदाम जेमतेम दीड किलोमीटर, पण मध्ये हा एक चौक. नेहमीचे ट्रेलर येत होते आणि प्रत्येकाचं मागचं चाक आतल्या कडेवर चढून उतरत होतं. दगडी कड एका जागी फुटली होती, मागची माती चाकांनी दाबून गुळगुळीत झाली होती, आणि तिथेच पायी चालणाऱ्यांचा थांबा होता. एका ट्रेलरला जिथे जागा पुरत नाही तिथून दोन ट्रेलर नेण्याचा आराखडा आमच्या टेबलावर मंजुरीला होता. त्यात त्या चौकाचा उल्लेखसुद्धा नव्हता, कारण चौक दुसऱ्या यंत्रणेच्या हद्दीत होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी माल कुठून कुठे जातो ते मोजायचं: गोदामांना विचारून, चालत्या गाडीचं वजन घेणाऱ्या, रस्त्यात बसवलेल्या काट्यांवरून, आणि रिकाम्या परतणाऱ्या गाड्या धरून. दोन्ही दिशांना माल नसेल तर जोडट्रक अर्धा वेळ हवा वाहतो. मग दोन्ही टोकांचा शेवटचा टप्पा पायी चालायचा. चौक, सिग्नल, शाळा, रेल्वे फाटक सगळं टिपायचं. मग पूल. मग चढ, कारण भरलेली गाडी चढावर रांगते आणि मागे रांग लागते, तिथे वेगळी लेन हवी. मधल्या रस्त्याच्या रुंदीचा नंबर या सगळ्यांनंतर.

रेल्वे फाटकाचा उल्लेख का?

४० मीटरची भरलेली गाडी फाटकापाशी थांबून पुन्हा निघाली की पूर्ण पार व्हायला तिला साधारण ५५ मीटर जावं लागतं. तिचा वेग सेकंदाला ०.३ मीटरने वाढतो असं धरलं तर १९ सेकंद लागतात. अमेरिकेत स्वयंचलित फाटकाचा इशारा आगगाडी येण्याआधी किमान २० सेकंद द्यावा असा नियम आहे. उरतो एक सेकंद. कॉरिडॉरवर फाटक असूच नये, पूल किंवा भुयारी मार्ग हवा.

शेवटचा टप्पा जमतच नसेल तर?

मग इंटरचेंजलगत यार्ड. न्यूयॉर्कच्या टोल-महामार्गावर प्रवेशद्वारांजवळ अशा जागा आहेत: डबल तिथपर्यंत येते, ट्रेलर सुटे होतात, आणि एकेक ट्रेलर वेगळ्या ट्रॅक्टरने शहरात जातो. ऑस्ट्रेलियातही रोड ट्रेन जोडा-सोडायच्या जागा ठरलेल्या आहेत. यार्डाला जमीन लागते, दिवे, स्वच्छतागृह, राखण लागते, आणि वळायला भरपूर जागा लागते, कारण ए-जोडणीची डबल रिव्हर्स घेता येत नाही असंच धरून चालावं. गाडी चुकीच्या रस्त्याला वळली तर तिथल्या तिथे सोडवून बाहेर काढावी लागते.

ट्रकसाठी वेगळ्या लेन का बांधत नाहीत?

काही ठिकाणी जवळपास तसंच आहे. न्यू जर्सी टर्नपाइकवर बऱ्याच लांबीपर्यंत आतला रस्ता फक्त कारना आणि बाहेरचा ट्रकसह सगळ्यांना आहे. पण ट्रकसाठीच वेगळा लांब रस्ता कागदावरून उतरायला फार कठीण. २००७ साली अमेरिकेने भविष्यातले सहा कॉरिडॉर निवडले. त्यात आय-७० महामार्गावर मिसूरी, इलिनॉय, इंडियाना आणि ओहायो या चार राज्यांतून ट्रकच्या स्वतंत्र लेनचा अभ्यास होता. त्या लेन झाल्या नाहीत.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांना जोडणाऱ्या आय-७१०च्या रुंदीकरणाचं काय झालं तेही बघावं. ट्रकच्या वेगळ्या मार्गिकांचा विचार तिथे वर्षानुवर्षं चालला होता. आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये आधीच डिझेलच्या धुराचा त्रास, त्यात घरं पाडली जाण्याची भीती. अखेर २०२२ साली तिथल्या वाहतूक मंडळाने रुंदीकरण सोडून दिलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. धूर ज्यांच्या खिडकीत येतो त्यांना आखणीच्या पहिल्या बैठकीला बोलवायला हवं होतं.

या गाड्यांनी रेल्वेचा माल पळवला जात नाही का?

काही प्रमाणात जातो, आणि हे मान्य करूनच धोरण ठरवावं. स्वित्झर्लंडने सरळ उलटा रस्ता घेतला. २५.२५ मीटरच्या गाड्यांना मनाई, २००१ पासून जड वाहनांवर वजन आणि अंतरानुसार शुल्क, आणि रेल्वेसाठी आल्प्सखालून बोगदे. त्यातला गॉटहार्डचा ५७ किलोमीटरचा बोगदा २०१६ साली सुरू झाला. फिनलंड-स्वीडनमध्ये लाकूड जंगलातून गिरणीपर्यंत न्यायचं असतं. प्रत्येक जंगलापर्यंत रूळ नेता येत नाहीत, तिथे लांब ट्रक योग्यच ठरतो.

रस्त्याचा खर्च कोणी भरायचा?

ज्याने झीज केली त्याने. ओरेगन राज्यात जड ट्रकना वजन आणि मैलांनुसार कर आहे, आणि ८०,००० पाउंडांच्या वर त्याच वजनाला ॲक्सल जास्त असतील तर दर कमी लागतो. मालकाला स्वतःहून जादा ॲक्सल बसवावासा वाटतो. मला माहीत असलेल्या करांमध्ये एवढा शहाणा कर दुसरा नाही.

चालकाला वेगळं प्रशिक्षण लागतं का?

हो. अमेरिकेत डबल आणि ट्रिपलसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते आणि लांब जोडट्रकसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचं आहे.

जोरदार वाऱ्यात किंवा बर्फात काय करतात?

थांबवतात. रिकामा किंवा हलका मागचा ट्रेलर आडव्या वाऱ्यात शिडासारखा वागतो. परवान्यातच हवामानाची अट असते. म्हणून थांबायला जागा किती अंतरावर आहे हे आखणीत धरावं लागतं. नुसती अट घातली आणि जागा दिली नाही तर चालक रस्त्याच्या कडेलाच उभा राहणार.

अपघाताने किंवा पुराने महामार्गच बंद झाला तर जोडट्रक कुठे जाणार?

हा प्रश्न आराखड्यांत क्वचित दिसतो. कार आणि साधे ट्रक पोलीस सांगतील त्या गावरस्त्याने वळतात. जोडट्रकला तो रस्ता चालत नाही: पूल तपासलेला नसतो, वळण बसत नाही, आणि एकदा आत शिरला की रिव्हर्स नाही. म्हणून प्रत्येक दोन इंटरचेंजच्या मध्ये बंद पडल्यास वापरायचा पर्यायी मार्ग आधीच मोजून ठेवावा. जिथे तो नाही तिथे अलीकडच्या इंटरचेंजवरच गाड्या अडवून ट्रेलर सोडता येतील एवढं यार्ड असावं, आणि त्याची किल्ली रात्री दोन वाजता कोणाकडे असते हे नियंत्रण कक्षातल्या माणसाला ठाऊक असावं.